लो-डोस सीटीच्या दिवशीच विडी-सिगारेट सोडवायला सुरुवात कशी करायची: नव्या समुपदेशकांसाठी

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीला येणाऱ्यांपैकी बरेच जण अजून ओढत असतात. लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणांचा छातीचा स्कॅन होतो, रिपोर्ट मिळतो आणि "आता सोडा बरं का" एवढं ऐकून माणूस घरी जातो. वाटेत टपरी लागतेच. हा लेख तपासणी केंद्रात नव्यानं रुजू झालेल्या समुपदेशकांसाठी, परिचारिकांसाठी आणि सामाजिक कार्यकर्त्यांसाठी आहे. औषधांची चिठ्ठी डॉक्टरच लिहितील, पण बाकीचं बहुतेक काम तुमचंच आहे.

आधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा. अमेरिकेत 'नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल' या चाचणीत ५३ हजारांहून अधिक लोक होते. २०११ साली निष्कर्ष आला: छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत लो-डोस सीटीनं फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पुढे याच चाचणीच्या माहितीची पुन्हा छाननी झाली, तेव्हा दिसलं की सात वर्षं धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांना सीटी न करताही साधारण तेवढाच फायदा झाला होता. १५ वर्षं दूर राहणं आणि सीटी दोन्ही असेल, तर घट ३८ टक्क्यांपर्यंत गेली. स्कॅनचं मशीन कोट्यवधींचं असतं, समुपदेशकाला मात्र बऱ्याच ठिकाणी जिन्याखालची खोली मिळते. हे आकडे व्यवस्थापनाला दाखवायला जवळ ठेवा.

दुसरी गोष्ट रोजच्या कामाची. त्याच चाचणीतल्या लोकांना त्यांच्या डॉक्टरांनी नेमकं काय केलं हे विचारलं गेलं. नुसतं विचारणं, सल्ला देणं, तयारी जोखणं यानं सोडणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. प्रत्यक्ष मदत केली, म्हणजे औषध दिलं किंवा समुपदेशनाला जोडून दिलं, आणि पुढची भेट ठरवून पाठपुरावा केला, तिथे फरक पडला. पण पाठपुरावा दहातल्या जेमतेम एकाच्या वाट्याला आला होता. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन कामांसाठी आहेत.

टेबलावर काय हवं

- नोंदीचा फॉर्म, दोन पानांपेक्षा मोठा नको
- श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र आणि एकदाच वापरायच्या कागदी नळ्या
- निकोटिन गम २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम, निकोटिन पॅचचे नमुने
- चिठ्ठीवर सही करणारे डॉक्टर त्याच दिवशी, त्याच मजल्यावर. हे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.
- भिंतीवरचं मोठं कॅलेंडर आणि पाठपुराव्याची वही

येणाऱ्यानं आणायचं: जुन्या एक्स-रे किंवा सीटीच्या फिल्म, पूर्वी टीबी झाला असल्यास उपचाराचे कागद, मूत्रपिंडाची चाचणी झाली असल्यास तो रिपोर्ट आणि चालू गोळ्या. गोळ्यांची नावं विचारण्यात वेळ घालवू नका, पाकिटं-पट्ट्याच पिशवीत घालून आणायला सांगा. "पांढरी, गोल, सकाळची" यावरून काही कळत नाही.

१. वेळ देतानाच्या फोनवर

समुपदेशकाची भेट हा तपासणीचाच भाग आहे, असं फोनवर सांगून टाका. "सोडायला मदत हवी आहे का?" असं विचारलं की निम्मे लोक "नको, बघू" म्हणतात. भेट सगळ्यांची ठरलेली आहे, नको असेल त्यानं तसं सांगावं, अशी रचना ठेवा. इंग्लंडमध्ये लीड्सच्या तपासणी कार्यक्रमात हेच केलं. स्कॅनच्या फिरत्या गाडीतच सल्लागार बसवला, आणि बहुतेकांनी भेट टाळली नाही.

येण्याआधी सोडून या, अशी अट घालू नका. ओरडा बसेल या भीतीनं माणूस यायचाच नाही.

याच फोनवर लक्षणं विचारा. थुंकीतून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, आवाज बसून आठवडे झालेले, असं काही असेल तर त्या माणसाची जागा तपासणीच्या रांगेत नाही. त्याला थेट छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा. नुकताच न्यूमोनिया होऊन गेला असेल तर स्कॅन पुढे ढकलायचा का, हे डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी यायची गरज नाही, इंजेक्शन नाही, हेही सांगा. लोक विनाकारण सकाळपासून चहाशिवाय येतात आणि मग तलफ दुप्पट होते.

२. किती आणि किती वर्षं

आपल्याकडे फुप्फुसाच्या कर्करोगाची सरकारी तपासणी मोहीम नाही. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते. त्यामुळे मोठ्या रुग्णालयांत लो-डोस सीटीसाठी बहुधा अमेरिकेचे २०२१ चे निकष धरले जातात: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढणारे किंवा सोडून १५ वर्षं पूर्ण न झालेले.

पॅक-इयर काढायला रोजच्या सिगारेटींना २० नं भागा आणि वर्षांनी गुणा. विसाव्या वर्षी सुरुवात केलेला ५२ वर्षांचा माणूस रोज १५ सिगारेटी ओढत असेल तर १५ भागिले २०, गुणिले ३२, म्हणजे २४ पॅक-इयर.

विडीचं गणित वेगळं आहे. विडीत तंबाखू कमी असते, पण तेंदूचं पान हवा जाऊ देत नाही. विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही. विडीची सिगारेट करून आकडा बनवू नका. आपल्याकडचे छातीचे डॉक्टर 'स्मोकिंग इंडेक्स' वापरतात: रोजच्या विड्या किंवा सिगारेटी गुणिले वर्षं. ३०० च्या वर गेलं की भारी धूम्रपान. फॉर्मवर विड्या वेगळ्या, सिगारेटी वेगळ्या लिहा आणि पात्रता डॉक्टरांवर सोडा.

आकडा काढून घ्यायचीही पद्धत आहे. "दिवसाला किती?" याचं उत्तर ठरलेलं, "दोन-चार". त्यापेक्षा "कट्टा किती दिवस पुरतो?" असं विचारा. सुटी सिगारेट घेणाऱ्याला "टपरीवर दिवसातून किती वेळा जाणं होतं?" असं विचारा. अर्धी ओढून कानामागे ठेवलेली, थोटूक पुन्हा पेटवलेलं, दोघांत एक, हे सगळं मोजा.

मग न चुकता: "तोंडात काही ठेवता का?" २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत निघाले आणि तंबाखू-चुना, मिश्री, खैनी, गुटखा असं काही घेणारे २४ टक्क्यांच्या घरात. ओढणाऱ्यांत तोंडातही ठेवणारे बरेच. विडी सुटली आणि तंबाखूची पुडी दुप्पट झाली, तर फुप्फुसाला आराम पडला तरी तोंडाचा धोका वाढतो. बायकांना "धूम्रपान करता का" विचारून थांबू नका, मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारा.

शेवटी व्यसन किती घट्ट आहे हे जोखायला दोन प्रश्न पुरतात:

- उठल्यावर पहिली विडी-सिगारेट किती वेळात? ५ मिनिटांत: ३ गुण. ६ ते ३० मिनिटं: २. ३१ ते ६० मिनिटं: १. त्यानंतर: ०.
- दिवसाला किती? १० पर्यंत: ०. ११ ते २०: १. २१ ते ३०: २. ३१ किंवा अधिक: ३.

बेरीज ०-२ सौम्य, ३-४ मध्यम, ५-६ घट्ट. औषधाचा डोस ठरवताना यातला पहिला प्रश्न जास्त कामाचा.

३. फुंकर

दीर्घ श्वास, १५ सेकंद रोखून धरायचा, मग नळीतून सावकाश, फुप्फुस रिकामं होईपर्यंत फुंकायचं. ज्यांना दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागण्याचा आजार) आहे त्यांना १५ सेकंद जमत नाहीत. जेवढं जमेल तेवढं घ्या आणि तसं लिहा.

न ओढणाऱ्याचा आकडा साधारण ५-६ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ५-६ भाग) आत असतो. १० च्या वर गेला तर गेल्या काही तासांत ओढलंय असं धरायला हरकत नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्मा होतो. म्हणून सकाळी आलेल्याचा आकडा कमी आणि संध्याकाळी आलेल्याचा जास्त. पहिली नोंद ज्या वेळेला घेतली, पुढच्याही त्याच सुमाराला घ्या, नाहीतर तुलना फसते.

या यंत्राचा खरा उपयोग आशा दाखवायला आहे. आज २२, आणि दोन दिवस न ओढता आलात तर न ओढणाऱ्यांइतका, हे माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. फुप्फुसाच्या बाबतीत इतक्या लवकर दिसणारी दुसरी गोष्ट नाही. खोटं पकडायला मात्र ते वापरू नका. चुलीच्या धुरात बसणाऱ्या बाईचा आकडा चढतो. तंबाखू-चुना खाणाऱ्याचा शून्याजवळ येतो.

४. स्कॅनच्या आधीची दहा मिनिटं

बोलणं स्कॅनच्या आधी करा, नंतर नको. नंतर केलं की सगळं रिपोर्टवर टांगलं जातं: "रिपोर्ट बघू, मग ठरवू."

स्कॅनबद्दल तीन गोष्टी सांगा. किरणोत्सर्ग साधारण १.५ मिलिसीव्हर्ट, नेहमीच्या छातीच्या सीटीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा. गाठ दिसली म्हणजे कर्करोग असं नाही. अमेरिकेतल्या त्या चाचणीत संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी ९६ टक्के कर्करोगाचे नव्हते. आपल्याकडे तर जुन्या टीबीचे डाग भरपूर, त्यामुळे ठिपके दिसणारच. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: स्कॅन कर्करोग लवकर शोधतो, टाळत नाही.

मग लगेच सोडवण्याकडे वळा. साधारण असं:

"काका, उठल्यावर पहिली विडी कधी?"

"चहाच्या आधी. त्याशिवाय पोट साफ होत नाही."

"म्हणजे दिवसभरातली सगळ्यात अवघड तीच. मग आपण तिथूनच सुरुवात करू. उठल्या उठल्या दोन पेले कोमट पाणी, हा गम, आणि चहा त्यानंतर. रात्री झोपताना इसबगोल. आठवडाभर करून बघा, पोटाचं काय होतं ते मला फोनवर सांगा."

पोटाची तक्रार हसण्यावारी नेऊ नका. निकोटिननं आतडी हलतात. सोडल्यावर पहिले काही आठवडे अनेकांना बद्धकोष्ठता होते, आणि खेड्यापाड्यातली अनेक माणसं त्यापायीच परत विडीकडे वळतात.

"सोडायचंय का?" हा प्रश्न या संवादात कुठेच नाही, हे लक्षात घ्या. आणि घाबरवायच्या फोटोंची फाईल उघडू नका. जो स्वतःहून कर्करोगाच्या तपासणीला आलाय तो आधीच घाबरलेला आहे.

५. औषध हातात देऊनच पाठवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

*पॅच.* रोज १० पेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे. १० किंवा कमी असतील तर १४ नं सुरुवात, सहा आठवड्यांनी ७ वर दोन आठवडे. विडी ओढणाऱ्याचा डोस ठरवताना संख्येपेक्षा पहिल्या विडीची वेळ बघा आणि डॉक्टरांना तसं सांगा. पॅच सकाळी लावायचा, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, दंडावर किंवा पाठीवर, तळव्यानं दहा सेकंद दाबून. रोज जागा बदलायची. मे महिन्यात विदर्भात घामानं तो सुटतो. आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झाल्यावरच लावायला सांगा, पावडर लावलेल्या जागी नको. झोप उडाली किंवा विचित्र स्वप्नं पडू लागली तर रात्री काढून ठेवायचा.

*गम.* उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅम, बाकीच्यांना २. २ मिलिग्रॅमचा गम बिनचिठ्ठीचा मिळतो, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी द्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी. लोक दिवसाला दोन-तीन खातात, तलफ जात नाही, आणि "गम चालत नाही" म्हणून सोडून देतात. गम चालत नसतो कारण तो पुरेसा घेतलेला नसतो.

चघळायचं कसं हे समोर बसवून, एक गम तोंडात घालायला लावूनच शिकवा. सावकाश चावायचा. आठ-दहा वेळा चावल्यावर मिरीसारखा तिखटपणा, झिणझिण्या येतात. तेव्हा थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चव गेली की पुन्हा दोन-चार चाव, पुन्हा दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. तंबाखूची गोळी गालात ठेवणाऱ्याला हे लगेच जमतं, सुपारी चघळणाऱ्याला नाही. तो कडाकडा चावतो, निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, छातीत जळजळतं. आणि मग "मला गमची ॲलर्जी आहे" असं सांगत येतो.

गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको. तोंडात आंबटपणा आला की निकोटिन शोषलं जात नाही. साधं पाणीही गम काढल्यावरच.

गुटखा-सुपारीमुळे तोंड कमी उघडत असेल, कवळी ढिली असेल, तर गम देऊ नका, पॅच द्या. तोंड किती उघडतं हे तीन बोटं उभी घालून बघायला सांगा. तीन जात नसतील तर त्याच भेटीत तोंडाच्या डॉक्टरांकडेही पाठवा.

घट्ट व्यसनाला पॅच आणि गम दोन्ही एकत्र द्यावेत. पॅच दिवसभराचा पाया धरतो, गम अचानक आलेल्या तलफेला. एकट्या औषधापेक्षा ही जोडी जास्त चालते.

*व्हॅरेनिक्लिन* ही चिठ्ठीची गोळी. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम रोज एक, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. उपाशीपोटी घेतली की मळमळ होते आणि तिसऱ्याच दिवशी बंद पडते. मूत्रपिंड बरंच बिघडलेलं असेल तर डोस निम्मा करतात, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघायचा. मन बिघडतं, आत्महत्येचे विचार येतात, ही भीती अजून ऐकू येते. २०१६ च्या मोठ्या चाचणीनंतर अमेरिकेनं औषधाच्या माहितीपत्रकातला त्याबद्दलचा ठळक इशारा काढून टाकला. तरी मानसिक आजार असलेल्यांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवावंच. *ब्युप्रोपिऑन* ही चिठ्ठीचीच दुसरी गोळी, फिट येणाऱ्यांना आणि दारू एकदम बंद करणाऱ्यांना द्यायची नाही. दारूबद्दल आधी विचारा, मगच गोळीबद्दल.

नेहमी ऐकू येणाऱ्या दोन गोष्टी. "पॅच लावून विडी ओढली तर हार्ट अटॅक येतो": हे खरं नाही. एखादी विडी ओढली गेली म्हणून पॅच काढायचा नाही, तो चालूच ठेवायचा. उलट पॅच काढून विडी चालू ठेवण्यात नुकसान आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा ठोके अनियमित असतील तर सुरुवात डॉक्टरांना विचारून. आणि "ई-सिगारेट घेऊ का?": २०१९ पासून भारतात तिच्या विक्रीवर कायद्यानं बंदी आहे. हर्बल सिगारेटमध्ये तंबाखू नसली तरी धूर, डांबर, कार्बन मोनॉक्साइड सगळं असतंच.

६. पिशवीतल्या गोळ्या बघा

तंबाखूच्या धुरानं यकृत काही औषधं वेगानं जाळतं. धूर थांबला की तीच गोळी जास्त होते. दम्याच्या आणि सीओपीडीच्या आपल्या पेशंटांमध्ये डेरिफायलिन घराघरांत असतं. त्यातला थिओफायलिन याच जातीचा. सोडल्यावर छाती धडधडणं, हात थरथरणं, उलट्या होणं असं दिसलं तर ते सोडल्याचा त्रास समजून गप्प बसू नका, डॉक्टरांना कळवा. ओलान्झापिन, क्लोझापिन या मानसिक आजाराच्या गोळ्यांचंही तसंच. इन्शुलिन घेणाऱ्यांना साखर जास्त वेळा तपासायला सांगा.

चहा-कॉफीतलं कॅफिनही त्याच वाटेनं जातं. पूर्वी पाच कप पचत होते, आता तेवढ्यानंच झोप उडते आणि चिडचिड होते. कप निम्मे करा. तसंही विडी आणि चहाची जोडी तुटते.

७. तारीख

दोन आठवड्यांच्या आतली. व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांची आठव्या दिवसानंतरची. तारीख त्यांच्याच हातानं कॅलेंडरवर लिहून घ्या.

"पाडव्यापासून सोडतो" ला मान डोलावू नका. श्रावणाचा मात्र उपयोग करून घ्या. श्रावणात मांसाहार, दारू आणि विडीही बंद ठेवणारे भरपूर आहेत. असा माणूस भेटला की विचारा, "पहिला आठवडा कसा काढता?" त्याचं उत्तर हीच त्याची पद्धत. त्याला जमतं हे त्यालाच आठवलं की निम्मं काम होतं. खड्डा एवढाच की श्रावणाला शेवटचा दिवस असतो आणि त्या दिवशीची विडी त्यानं मनात आधीच राखून ठेवलेली असते. म्हणून आपली तारीख शक्यतो श्रावणात नकोच.

तारखेच्या आदल्या रात्री घरातल्या, गाडीतल्या, शेतातल्या खोपटातल्या विड्या, काडेपेट्या, लायटर, ॲशट्रे बाहेर. "पाहुण्यांसाठी एक कट्टा ठेवतो" हे चालायचं नाही.

तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते. त्यासाठी काय करायचं हे आधी ठरवून चिठ्ठीवर लिहा: पाणी, गम, जागेवरून उठणं, कुणाला तरी फोन. पहिले तीन दिवस वाईट, दोन ते चार आठवड्यांत उतार. खोकला काही दिवस वाढतो, तोंड येतं, भूक लागते, वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढू शकतं. हे आधी सांगितलं तर "सोडल्यापासूनच आजारी पडलो" असं म्हणायची वेळ येत नाही.

८. रिपोर्टचा दिवस

रिपोर्टवर साधारण १ ते ४ वर्ग असतो, आकडा वाढतो तसा कर्करोगाचा संशय वाढतो. १ आणि २: पुढचा स्कॅन वर्षानं. ३: सहा महिन्यांनी. ४-अ: तीन महिन्यांनी. त्यापुढचे तज्ज्ञांकडे.

वर्ग १ सगळ्यात फसवा. "क्लीन आहे म्हणे! चाळीस वर्षं ओढून काही झालं नाही." सरळ उत्तर: "आज दिसण्याएवढी गाठ नाही. पुढच्या वर्षीचं यात काही नाही." त्याच रिपोर्टात एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या झिजणं), हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम असे शब्द बऱ्याचदा असतात. डॉक्टरांकडून ते समजावून घ्या आणि माणसाला त्याच्या भाषेत सांगा. विडीचं नुकसान कर्करोगापुरतं नाही, हे तिथेच कागदावर दिसतं.

वर्ग ३ चे सहा महिने फार वाईट जातात. काळजीनं विडी वाढते. रिपोर्ट दिल्यापासून दोन दिवसांत फोन करा.

वर्ग ४ वाल्याच्या घरचे म्हणतात, "आता ओढू द्या, आता काय उरलंय." गाठ कर्करोगाची निघाली आणि ऑपरेशन ठरलं, तर सोडलेल्यांना न्यूमोनियासारखा त्रास आणि जखमेचा त्रास कमी होतो. किरणोपचारही जास्त चांगले सोसतात. निदानानंतर सोडणारे जास्त जगतात. घरच्यांना हे डॉक्टरांच्या समोर सांगा.

९. फोन, फोन आणि फोन

तारखेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आठवड्यात, मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात. पहिला फोन चुकला तर बाकीचे करून फारसा उपयोग नाही.

फोन कामाच्या वेळा बघून. रात्रपाळीच्या वॉचमनला सकाळी नऊला उठवलंत तर पुढचा फोन तो उचलणार नाही. दुसरा नंबर बायकोचा किंवा मुलाचा घेऊन ठेवा, पण त्यांना काय सांगायचं, काय नाही, याची परवानगी आधी. घरचे "बंद आहे" सांगतात आणि माणूस गच्चीवर ओढत असतो, हेही होतं.

फोनवर चार प्रश्न: गेल्या आठवड्यात एखादा झुरका तरी? गम-पॅच किती लागतात? तंबाखू-गुटखा? झोप आणि पोट? एकदा घसरला तर "पुन्हा सुरू झालं" असं लिहू नका. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता, हे लिहा आणि त्या वेळेचा गम वाढवा. लग्न, अंत्ययात्रा आणि दारूची बैठक या तीन ठिकाणी सगळ्यात जास्त घसरतात. अशा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक जादा फोन ठेवा.

तुमच्या वेळेबाहेर काही लागलं तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६. २०१८ पासून हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापला जातो, फक्त तिकडे कुणी बघत नाही. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर संदेश येऊ लागतात.

१०. पुढच्या वर्षीचा स्कॅन

वर्षानं तोच माणूस पुन्हा येतो, बऱ्याचदा विडीसकट. "मागच्या वेळी सांगितलं होतं ना!" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. जुनी फाईल उघडा: किती दिवस राहिला होता, कोणत्या औषधावर, कशानं घसरला. दोन आठवडे पॅच लावून सोडला असेल तर या वेळी पॅच-गमची जोडी द्या आणि पूर्ण दहा-बारा आठवडे द्या. गमनं मळमळ झाली असेल तर चघळणं पुन्हा तपासा.

ज्याचं सुटलं आहे त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर शेवटच्या विडीची तारीख ठळक लिहा, दिवसासकट. सोडून किती वर्षं झाली यावर पुढे स्कॅन चालू ठेवायचा की थांबवायचा हे ठरतं, आणि पाच-सहा वर्षांनी ती तारीख त्याला स्वतःलाही नीट आठवत नाही.